सरवा

पाखरं बघायला म्हणून कुणी अंधारात उठून, अंगावर चार-चार कपडे चढवून, कडाक्याच्या थंडीत समुद्रावर जाऊन बसतं, असं मला कुणी साठीच्या आत सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आमच्याकडं पाखरं बघायचं काम नव्हतं. पाखरं हाकलायचं काम होतं. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर चढायचं, गोफण फिरवायची आणि घसा बसेपर्यंत हाऽ हाऽ करायचं. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत नजर पाखरावरच. त्या अर्थानं आम्हीही पक्षीनिरीक्षकच होतो म्हणा. फक्त आमच्या हातात दुर्बीण नव्हती, दगड होता.

लेक इंग्लंडात नर्स आहे. पूर्वेच्या अंगाला नॉर्फक म्हणून जिल्हा आहे, त्यातल्या किंग्ज लिन गावाजवळ तिचं घर. दोन वर्षांमागं तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला आम्ही नवरा-बायको गेलो ते नेमके जानेवारीत. सूर्य सकाळी आठला उगवणार आणि चारला बुडणार. बायकोला नातवंडाचं काम होतं. मला काहीच नव्हतं. शेतकऱ्याला घरात बसवणं म्हणजे बैलाला माडीवर बांधणं. मी आपला रोज दुपारी कानटोपी घालून रानाच्या कडेनं चालून यायचो.

तिथं मला पहिली ओळखीची गोष्ट दिसली ती साखरेची. रस्त्याच्या कडेला मातकट पांढऱ्या कंदांचे घराएवढे ढीग लागलेले. जावयाला विचारलं तर म्हणाला, "आप्पा, हे बीट. यापासून साखर करतात." आपण खातो ते लाल बीट नव्हे, हे साखरेचं. नॉर्फकमध्येच कँटली गावी १९१२ साली बिटाचा कारखाना निघाला, तो अजून चालतो, आणि विसिंग्टनचा कारखाना तर युरोपातला सगळ्यात मोठा म्हणतात. हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या आसपास उरकतो. म्हणजे आमचा भीमाकाठचा गळीत हंगाम आणि यांचा, जवळजवळ हातात हात घालून. मला एकदम बरं वाटलं. परक्या मुलखात आपल्या धंद्याचा माणूस भेटल्यासारखं.

शेजारी एक म्हातारा राहायचा. सत्तरी ओलांडलेला, बायको वारलेली, सारी हयात बिटाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर चालवण्यात गेलेली. मी कुंपणावरून त्याच्या बागेतल्या मातीकडं बघत होतो, तो माझ्या हाताकडं बघत होता. हाताच्या घट्ट्यांवरून ओळख पटली. माझं इंग्रजी दहावीचं, तेही काठावर पास झालेलं. पण शेतीत बोलायला लागतंच किती? पाऊस, भाव आणि गुडघे, एवढ्यावर आमची दोस्ती जमली. एके दिवशी त्यानं जावयाकडं निरोप दिला, उद्या पहाटे तुझ्या सासऱ्याला पाखरं दाखवायला नेतो.

मी लेकीला म्हणालो, "पाखरं काय बघायची? जन्मभर बघितली की."

ती म्हणाली, "आप्पा, जाऊन तर या. आणि आतून दोन बनियन घाला."

स्नेटिशम म्हणून ठिकाण आहे. तिथं समुद्र जमिनीत आत शिरलाय, त्या उथळ आखाताला 'द वॉश' म्हणतात. ओहोटी लागली की मैलोन्‌मैल नुसता गाळ. गाडी लावून आम्ही अंधारात बरंच चाललो. जावई बरोबर होता, दुभाषा म्हणून. वारा असा की डोळ्यातलं पाणी गालावर यायच्या आत गार पडायचं. किनारा इंग्लंडच्या पूर्वेचा असला तरी तेवढा भाग पश्चिमेकडं तोंड करून आहे, त्यामुळं समुद्राकडं बघत उभं राहिलं की सूर्य पाठीमागून, रानाकडनं उगवतो. आमच्याआधीच तिथं पंधरावीस माणसं येऊन उभी होती. म्हातारे, पोरी, एक बाई कडेवर मूल घेऊन. कुणी बोलत नव्हतं. मला आमच्या काकड आरतीची आठवण झाली.

आधी आवाज आला. गाळावर लांब कुठंतरी बाजार भरल्यासारखा कलकलाट. म्हाताऱ्यानं माझा दंड धरला. उजाडता उजाडता तो कलकलाट उठला आणि रानहंसांच्या माळा आमच्या डोक्यावरून आत जमिनीकडं निघाल्या. एक माळ, तिच्यामागं दुसरी, त्यामागं दहा. गुलाबी पायांचे हे रानहंस उन्हाळ्यात आइसलँड आणि ग्रीनलँडला पिलं काढतात आणि हिवाळ्याला इथं येतात. रात्री गाळावर झोपतात, कारण तिथं कोल्हा पोचत नाही. उजाडलं की चरायला रानात. हजारोंनी जात होते. मान दुखेपर्यंत मी वर बघत होतो.

मग भरती आली. भरतीचं पाणी गाळ गिळत पुढं येतं तसतशी गाळावर चरणारी बारकी पाखरं किनाऱ्याकडं रेटली जातात. नॉट म्हणून टिटवीपेक्षा लहान, राखी रंगाचं पाखरू आहे. उत्तर ध्रुवाकडच्या मुलखातून येतं. मोठ्या भरतीला इथं त्यांची संख्या पन्नास हजारांच्या वर जाते. पायाखालचा शेवटचा गाळ बुडाला तसा तो सगळा थवा एकदम उठला. धुरासारखा वळला. एका अंगानं काळा, वळला की चांदीसारखा पांढरा. पंखांचा आवाज उफणणीच्या वाऱ्यासारखा. आमच्या डोक्यावरून मागच्या तळ्यात, जुन्या खाणीत पाणी साठून झालेल्या, जाऊन उतरला. त्या कडेवरच्या मुलानं टाळी वाजवली. आणि मी, बारा वर्षांचा असताना दिवसाला शंभर दगड पाखरांवर भिरकावणारा माणूस, टोपी काढून उभा होतो. टोपी कधी काढली ते मला कळलं नाही.

इथवर सगळं गोड आहे. लेख इथं थांबवला असता तर "निसर्ग किती सुंदर" म्हणून मोकळा झालो असतो. पण परत येताना म्हाताऱ्यानं गाडी एका रानाच्या कडेला थांबवली आणि तिथं माझी गोची झाली.

बीट काढून नेलेलं रान होतं. काढणीचं यंत्र बिटाचा पाला आणि शेंडा छाटून रानातच टाकतं, कंद तेवढे उचलतं. काही कंदांचे तुकडे राहूनही जातात. त्या पाल्यावर सकाळचे ते रानहंस उतरले होते. सगळं रान करडं झालेलं. माना खाली घालून वेचत होते. चार-सहा हंस मात्र माना ताठ करून राखणीला.

म्हातारा म्हणाला, "रान मोकळं झालं की शेतकऱ्याला गहू पेरायची घाई असते. पण काहीजण हंसांनी रान साफ करेपर्यंत नांगर घालत नाहीत. लगेच नांगरलं तर हे हंस जातात कुठं? शेजारच्या कोवळ्या गव्हात. इथं पोट भरलं तर तिकडं नुकसान कमी."

मला ते पटलं, आणि माझ्या तोंडून मराठीच शब्द निघाला. "सरवा."

जावई पुण्यात वाढलेला. त्याला शब्द ठाऊक नव्हता. मी सांगितलं, पीक काढून झाल्यावर रानात जी कणसं, ज्या शेंगा पडून राहतात तो सरवा. गरिबाच्या बाया तो वेचून नेतात. उसाचंही तसंच, ऊस कारखान्याला जातो, पण शेंड्याचं वाढं तोडणी करणाऱ्यांच्या बैलांना. वर्षानुवर्षांची चाल आहे.

जावयानं ते म्हाताऱ्याला सांगितलं. म्हातारा म्हणाला, "आमच्याकडंही होतं की. माझी आजी जायची." मग तो सांगू लागला. गावात काढणी झाली की चर्चची घंटा वाजायची, घंटेनंतर बाया-पोरं रानात शिरायची, संध्याकाळी घंटा वाजली की बाहेर. कुणी आधी जाऊन जास्त वेचू नये म्हणून ही व्यवस्था. त्यांच्या धर्मग्रंथातही सांगितलंय म्हणे, रानाच्या कडेचं पीक कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि परमुलखातून आलेल्याचं.

जावयानं घरी गेल्यावर फोनवर शोधून आणखी एक गोष्ट वाचून दाखवली. शेजारच्याच सफोक जिल्ह्यात मेरी हॉटन नावाच्या बाईवर एका जमीनदारानं सरवा वेचला म्हणून दावा लावला होता. १७८८ साली लंडनच्या कोर्टानं निकाल दिला की सरवा वेचायचा कायद्यानं कुणाला हक्क नाही. मालकानं दिला तर दिला. निकालानंतरही गावोगाव बाया वेचतच राहिल्या, घंटा वाजतच राहिल्या, ही गोष्ट वेगळी. पण कागदावर हक्काची मेहेरबानी झाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हंसांमुळं नाही. मेरी हॉटनमुळं. कारण तसाच एक निकाल मीही दिला होता.

१९७२ च्या दुष्काळाची गोष्ट आहे. मी सातवीत होतो. खरीप गेलं होतं, रब्बीची पेरणी बहुतेकांची वाया गेली होती. आमचं भीमेच्या काठाला मळईचं थोडं रान होतं, खालची ओल धरून राहिलेलं. त्यात ज्वारीचा एक तुकडा कसाबसा उभा होता. घरात खाणारी आठ तोंडं. वडलांना आम्ही तात्या म्हणायचो. तात्यांनी मला माळ्यावर चढवलं आणि सांगितलं, "पाखरू काय आन्‌ माणूस काय, कुणी रानात शिरता कामा नये."

त्या साली पाखरंही चेकाळली होती. भोरड्यांचा थवा यायचा तो ढग आल्यासारखा. मी गोफण फिरवून फिरवून खांदा सुजवून घेतला. काढणी झाली, कणसं खुडून खळ्यावर गेली, तरी तात्यांनी मला माळ्यावरून उतरवलं नाही. पडलेलं एकूण एक कणीस आम्हीच वेचायचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारी बांध ओलांडून आत आली. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. दरसाल आमच्याच रानात खुरपायला यायची. त्या तुकड्यातलं तणही तिनंच काढलं होतं. ती खाली वाकून वेचायला लागली. मी ओरडलो. तिनं ऐकलं नाही, की ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी गोफणीत दगड घातला आणि फिरवला.

लागावा म्हणून मारला नव्हता. तिच्या पुढं हातभर अंतरावर पडला. ती ताठ झाली. माझ्याकडं बघून म्हणाली, "जाते रं बाबा, जाते." मग बांधावर गेली, पदराची ओटी सोडली आणि वेचलेली कणसं तिथं खाली ठेवली. फेकली नाहीत, ठेवली. सात-आठ कणसं असतील. आणि निघून गेली.

संध्याकाळी मी तात्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं. ते काही बोलले नाहीत. बांधावरनं ती कणसं आणली आणि राशीत टाकली. आई त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. पण त्या राशीची भाकरी आम्ही सगळ्यांनी खाल्ली. आईनंही खाल्ली.

ही गोष्ट मी बावन्न वर्षं कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी लेकीच्या स्वयंपाकघरात बसून बायकोला सांगितली. ती म्हणाली, "तुम्ही पोर होता." खरं आहे. पण दगड पोरानं मारला म्हणून हलका होत नाही.

आता प्रश्न असा आहे, आणि तो मी तेव्हापासून घोळवतोय. पाखराला खाऊ दिलं पाहिजे, गरिबाला वेचू दिलं पाहिजे, असं आपण म्हणतो ते कशाच्या जोरावर?

शिकलेली माणसं पहिलं उत्तर देतात ते उपयोगाचं. पाखरं किडी खातात म्हणून पाखरं राखा. हे खोटं नाही. चीनमध्ये १९५८ साली चिमण्या धान्य खातात म्हणून मोहीम काढून मारल्या. ताटल्या बडवून बडवून त्यांना बसूच दिलं नाही, उडून उडून मेल्या. पुढं पिकांवर किडीचा सुकाळ झाला आणि दोन वर्षांत चिमणीचं नाव यादीतून काढावं लागलं. आणि गंमत बघा, आमची ज्वारी खाणारी भोरडी उन्हाळ्यात मध्य आशियाकडं जाते, तिथं ती टोळ आणि नाकतोडे खाते. चीनच्याच शिंच्यांग भागात टोळ आवरावेत म्हणून तिच्यासाठी दगडांची घरटी बांधून देतात. म्हणजे एकच पाखरू. तिकडं त्याला घर बांधून देतात, इकडं आम्ही त्याला गोफण मारतो. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक आपण कुठल्या गावात सज्जन आणि कुठल्या गावात चोर?

पण उपयोगावर सगळं तोललं तर जे उपयोगाचं नाही त्याचं काय? तो रानहंस किडी खात नाही. नॉट तर गाळातले बारके शिंपले खातो, शेतकऱ्याला त्याचा ना नफा ना तोटा. आणि दुष्काळातली म्हातारी? तिचा काय उपयोग होता? खुरपून झालं होतं, पुढच्या पेरणीचा पत्ता नव्हता. माझ्या बापानं उपयोगाचाच हिशेब केला होता, आणि त्या हिशेबात चूक काढता येत नाही. म्हणून मला उपयोगाच्या हिशेबाची भीती वाटते.

दुसरं उत्तर दयेचं. मोठं मन करा, चार दाणे सोडा. हेही मी पुष्कळ ऐकलंय. पण दया पोट भरल्यावर येते, आणि देणाऱ्याला उंच करून घेणाऱ्याला खाली बसवते. आमच्याकडं बलुत्याची पद्धत होती. खळ्यावर जो तो आपला वाटा न्यायला यायचा. वर्षभर राबून घेतलेला तो वाटा, पण कित्येकांना तो हात पसरून, लांब उभं राहून, शिवाय बोलणी खाऊन न्यावा लागायचा. वाटा तोच, धान्य तेच. हक्कानं नेलं तर माणूस ताठ राहतो, दया म्हणून नेलं तर वाकतो. आत्यानं कणसं बांधावर ठेवली तेव्हा ती ताठ होती. वाकलो होतो ते आम्ही.

मग तिसरं उत्तर काय? मला सुचलं ते मिलोमुळं. आमच्या पिढीला मिलो म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. त्याच दुष्काळात अमेरिकेतनं आलेली लाल ज्वारी. आमचा तो मळईचा तुकडा दोन महिन्यांत संपला. मग आम्हीही खडी फोडायला गेलो, रांगेत उभं राहून सुकडी आणली आणि मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या. तिकडं ती ज्वारी जनावरांना घालत, असं तेव्हा सगळे म्हणायचे आणि नाकं मुरडत खायचे. आज मी म्हणतो, नाक कशाला मुरडायचं? कुणातरी अनोळखी शेतकऱ्याच्या रानात त्याच्या गरजेहून जास्त पिकलं, ते समुद्र ओलांडून आलं आणि आम्ही जगलो. त्या साली आम्ही सरवाच वेचला. फक्त रान दुसऱ्या खंडात होतं.

मी आत्याला ज्या सरव्यावरून हाकललं, त्याच सरव्यावर मी तीन महिन्यांनी जगलो. त्या रांगेत ती माझ्यापुढं उभी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही, हे तिचे उपकार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. राखणारा आणि वेचणारा ही दोन वेगळी माणसं नव्हेत. एकच माणूस एका साली माळ्यावर असतो, दुसऱ्या साली बांधाखाली. रानहंस आइसलँडातनं येतो कारण तिथं हिवाळ्यात बर्फाखाली चारा मिळत नाही. त्याचा दुष्काळ दरसाल येतो, आपला कधीमधी. काढणी झाल्यावर खाली पडलेलं राखत बसायचं नाही. ते आपलं नसतंच. आपण ते देत नाही, नुसतं अडवत नाही. देण्यात आणि न अडवण्यात लई फरक आहे.

एवढं लिहिलं तरी सगळं सुटलं असं नाही. मी म्हाताऱ्याला विचारलं होतं, "आणि हंस गव्हात शिरले तर?" तो हसला आणि कान टवकारायची खूण केली. लांबून धडाम्‌ असा आवाज आला. पिकावर बसणारे पारवे उडवायला तिथं गॅसची तोफ लावतात, ठरावीक वेळानं आपोआप वाजते. आमच्या गोफणीची चुलतबहीणच ती. आणि हंगामात परवाना घेऊन हंसांची शिकारही होते. म्हाताऱ्याच्या बापानं पुष्कळ मारून खाल्ले. म्हणजे तिकडं सगळे संत राहतात असं नाही. एकाच आभाळाखाली एक दुर्बीण लावतो, एक बंदूक लावतो, एक पाला सोडतो आणि एक तोफ वाजवतो. पाखरं जपायला त्यांच्याकडं १८८९ साली बायकांनी पुढाकार घेऊन संस्था काढली, बायकांच्याच टोप्यांत पिसं खोवायला पाखरं मारत होते म्हणून. आज स्नेटिशमचं ते राखीव ठिकाण त्याच संस्थेचं आहे. शिवाय रानाचा काही भाग निसर्गासाठी सोडणाऱ्या शेतकऱ्याला सरकार पैसे देतं. सरव्याला तिथं पुन्हा थोडी व्यवस्था आली, घंटेसारखी.

आमच्याकडं ती नाही. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात मोटारी भरून माणसं येतात, गळ्यात लांब नळीचे कॅमेरे घालून. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस बघतात, रोहित बघतात, करकोचे बघतात. येऊ देत, मीही आता त्यांच्यात जाऊन उभा राहतो. पण तोच करकोच्यांचा थवा सकाळी कुणाच्या तरी दीड एकर हरभऱ्यात उतरलेला असतो. त्या शेतकऱ्यानं फटाका वाजवला की मोटारीतला माणूस त्याला भूतदया शिकवतो. एकदा मी अशा एकाला म्हणालो, "दादा, बघायचा आनंद तुमचा आणि हरभरा याचा, हे वाटप बरोबर नाही. आनंदातलं काहीतरी त्याच्या बांधावर पडू द्या." तो चांगला माणूस होता. त्यानं त्या शेतकऱ्याकडनं तिप्पट भावानं दहा किलो ज्वारी विकत घेतली. दहा किलोनं काय होतं? पण सुरुवात तशीच होते. सरवा हा ज्याचं रान मोठं त्याच्याकडनं आधी पडला पाहिजे. आणि उभं पीक म्हणजे सरवा नव्हे. दीड एकरवाल्यानं उभ्या पिकावरनं पाखरू हाकललं तर त्याला मी पापी म्हणणार नाही. माझ्या बापालाही म्हणत नाही.

बापाच्या जागी त्या साली मी असतो तर आत्याला वेचू दिलं असतं का? आठ तोंडं पुढं असताना? छातीवर हात ठेवून 'हो' म्हणता येत नाही. भरल्या पोटानं लिहिलेला लेख उपाशी माणसाचा निवाडा करू शकत नाही. पण एवढं कळतं की तिनं ठेवून दिलेली ती सात-आठ कणसं आमच्या राशीत मिसळायला नको होती. तेवढी तरी तिच्या दारात पोचवता आली असती. आठ तोंडांना सात कणसांनी काय फरक पडला?

गावी परत आल्यावर मी चौकशी केली. आत्याला जाऊन तीस वर्षं झाली. तिचा नातू तालुक्याला गॅरेज चालवतो. मी त्याच्याकडं मोटरसायकल घेऊन गेलो, तासभर बसलो, चहा प्यालो. सांगायचं होतं ते ओठांपर्यंत आलं आणि राहिलं. एक दिवस सांगीन. हा लेख आधी त्याला वाचायला देईन म्हणतो.

आता सरवा वेचायला फारसं कुणी येत नाही. रेशनवर धान्य मिळतं, आणि ते चांगलंच झालं. कुणाच्या म्हातारीला कुणाच्या पोराचा दगड चुकवावा लागू नये. पण म्हणून काढणी होताच पोरानं रान पेटवायचं किंवा नांगर घालायचा, हे मी दोन वर्षं होऊ देत नाही. आठ-पंधरा दिवस रान तसंच पडू देतो. पोरगा कुरकुरतो, म्हणतो, "आप्पा, ट्रॅक्टरवाला परत मिळायचा नाही." मिळतो.

आमचं ते मळईचं रान आता नाही. १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि ते पाण्याखाली गेलं. माळा जिथं होता तिथं आता पुरुषभर पाणी असतं. उन्हाळ्यात पाणी ओसरतं तेव्हा ते रान गाळ होऊन वर येतं, वॉशच्या गाळासारखंच, आणि त्यावर पाखरं उतरतात. माना खाली घालून वेचत असतात. मी काठावर जाऊन बसतो. खांद्यावर उपरणं असतं, हातात काही नसतं.